तीन गुणांनी हुकलेला मुलगा आणि यादीतच नसलेली मुलगी

नमस्कार,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा मुलासाठी, दुसऱ्यांदा मुलीसाठी. दुसऱ्यांदा का, ते पुढे येईलच. आधी इतर वाचकांसाठी पत्राचा गोषवारा देते.

मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत. त्याच्या शाळेत विशेष हुशार मुलांसाठी वेगळा उपक्रम चालतो. निवड झालेली मुलं आठवड्यातले काही तास वेगळ्या वर्गात बसतात, वेगळं शिकतात. वर्गशिक्षिकेने मुलाचं नाव सुचवलं, शाळेच्या मानसशास्त्रज्ञाने चाचणी घेतली, बुद्ध्यांक 127 आला. कटऑफ 130. नाव गळलं. त्याच्या जिवलग मित्राला 131 मिळाले, तो आत गेला. तेव्हापासून मुलगा गणिताच्या वहीला हात लावत नाही आणि एका रात्री झोपताना त्याने विचारलं, ‘‘म्हणजे मी हुशार नाहीये का?’’ तुमचे प्रश्न असे: पुन्हा चाचणी द्यायला लावू का? त्यासाठी क्लास लावू का? शाळेशी भांडू का? आणि त्याला काय सांगू?

तिसऱ्या पानाच्या तळाशी, जाता जाता, धाकटीबद्दल चार ओळी आहेत. ती सात वर्षांची, दुसरीत, वर्गात वयाने सगळ्यात लहान. ‘‘तिचं नाव कुणी पाठवलंच नाही, पण ती तशी गप्पच असते. उलट तिची तक्रारच येते, तास चालू असताना कागदाच्या घड्या घालत बसते म्हणून.’’ एवढं लिहून तुम्ही पुन्हा मुलाकडे वळलात.

मीही आधी मुलाकडेच वळते.

127 आणि 130 यांत फरक किती? कागदावर तीन. मुलात, बहुधा काहीच नाही. या चाचण्यांची सरासरी 100 धरलेली असते आणि गुण असे बसवलेले असतात की 130च्या वर शंभरात साधारण दोनच मुलं येतात. पण कुठलीही चाचणी मुलाच्या डोक्यात मोजपट्टी घालत नाही. त्या दिवशी त्या प्रश्नांना त्याने दिलेल्या उत्तरांवरून ती अंदाज बांधते. एकेकट्या मुलाला समोर बसवून घेतलेल्या चांगल्या चाचणीतही हा अंदाज पाच-सहा गुण इकडेतिकडे सरकू शकतो. म्हणून नीट लिहिलेल्या अहवालात एका आकड्याशेजारी पट्टा दिलेला असतो. तुमच्या मुलाचा पट्टा ढोबळमानाने 121 ते 133 असा असेल आणि मित्राचा 125 ते 137. दोन्ही पट्टे एकमेकांवर किती चढलेत बघा. पुढच्या मंगळवारी दोघांना पुन्हा बसवलं असतं तर आकडे उलटेही आले असते. वर्गभर पेपर वाटून घेतलेली सामूहिक चाचणी असेल तर हा अंदाज आणखी सैल.

मग शाळा रेघ मारते कशाला? कारण वर्गात बाकं मोजकी असतात आणि कुठेतरी रेघ मारावीच लागते. मी अकरा वर्षं एका शाळेच्या निवड समितीवर होते. ‘आपल्या पाल्याची निवड होऊ शकली नाही’ अशा पत्रांवर माझीही सही आहे. आकडा निवडला की भांडणं कमी होतात, हे त्यातलं उघड गुपित. 130 ही रेघ निसर्गाने आखलेली नाही. 125 धरली असती तर जग बुडालं नसतं, फक्त आणखी एक वर्गखोली लागली असती.

या धंद्याचा इतिहासच थोडा गमतीचा आहे. 1905 मध्ये पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमॉन यांनी पहिली चालणारी चाचणी बनवली ती कोणत्या मुलांना शिकताना जादा मदत लागेल हे ओळखण्यासाठी. अमेरिकेत लुईस टर्मन यांनी तिचं नवं रूप 1916 मध्ये आणलं आणि 1921 पासून तीच पट्टी उलट बाजूने लावली: सगळ्यात वरची मुलं शोधायला. त्यांच्या अभ्यासात दीड हजारांच्या आसपास मुलं घेतली गेली. त्या वेळी चाचणी देऊन कटऑफ न गाठल्यामुळे बाहेर राहिलेल्यांत विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ ही दोन मुलं होती. पुढे दोघांनाही भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, शॉकलींना 1956 मध्ये आणि अल्वारेझांना 1968 मध्ये. निवडलेल्या दीड हजारांपैकी एकालाही ते मिळालं नाही. हे सांगून तुमच्या मुलाला नोबेलचं गाजर दाखवू नका. टर्मनची बरीचशी मुलं पुढे उत्तम शिकली, चांगल्या हुद्द्यांवर गेली; म्हणजे चाचणी काहीतरी खरं मोजत होती. रेघेच्या अलीकडे-पलीकडे मात्र ती आंधळी होती, एवढंच.

आता पुन्हा चाचणीचं. लगेच नको. तीच चाचणी थोड्या दिवसांत पुन्हा दिली की सरावानेच गुण वाढतात, म्हणून बहुतेक शाळा आणि मानसशास्त्रज्ञ मधे बराच काळ जाऊ देतात. एक गोष्ट मात्र उद्याच करा. पूर्ण अहवाल मागा, नुसता शेवटचा आकडा नव्हे. त्या 127 च्या पोटात तीन-चार वेगळे आकडे असतात: शब्दांवरचा तर्क, आकृत्यांवरचा तर्क, थोडा वेळ लक्षात ठेवण्याची क्षमता आणि कामाचा झपाटा. झपाट्याचा भाग म्हणजे घड्याळ लावून चिन्हं शोधणं, खुणा करणं. तुम्ही लिहिलंय की तो ‘‘हळू लिहितो, खोडतो, पुन्हा लिहितो’’. तसं असेल तर तर्काचे भाग खूप वर आणि झपाट्याचा मध्यम, असं चित्र निघू शकतं आणि मधल्यामध्ये एकूण आकडा खाली ओढला जातो. काही शाळा अशा वेळी तर्काच्याच भागांवरून काढलेला वेगळा निर्देशांक मान्य करतात. तुमची करते का, हा विचारण्याजोगा प्रश्न आहे. त्याला भांडण म्हणत नाहीत.

समितीवर असतानाचा एक मुलगा मला आठवतो. आकृत्यांच्या क्रमात पुढची कोणती, असा प्रश्न होता. तो थांबला आणि चाचणी घेणाऱ्या बाईंना म्हणाला, ‘‘रंग बघितला तर दुसरी, पण टोकं मोजली तर चौथीपण चालेल. तुम्हाला कुठली पाहिजे?’’ बाईंना काही सांगायची परवानगी नव्हती. तो विचार करत बसला आणि शेवटी चौथी म्हणाला. शून्य गुण. ठरलेल्या नियमाप्रमाणे लागोपाठ काही उत्तरं चुकली की तो भाग तिथेच थांबवतात, तसा थांबवला. आमच्यासमोर फाइल आली तेव्हा त्यात फक्त आकडा होता. बाईंनी मार्जिनमध्ये पेन्सिलीने हा संवाद लिहून ठेवला नसता तर आम्हाला तो कळलाच नसता. (त्याला घेतलं का? घेतलं, पण दोन मतांनी, आणि एका सदस्याने बरेच दिवस अबोला धरला.)

क्लासबद्दल माझं मत स्वच्छ आहे: लावू नका. अशा चाचण्यांचे प्रश्न आधी पाहिलेले असले की त्या क्षमता कमी आणि ओळख जास्त मोजतात. न्यूयॉर्कमध्ये कित्येक वर्षं चार वर्षांच्या मुलांची परीक्षा घेऊन त्यांना विशेष वर्गांत घालत असत. चार वर्षांच्या! तयारी करून देणाऱ्यांचं दुकान जोरात चाललं, ऐपत असलेले पालक मुलांना सरावाला बसवू लागले आणि त्या वर्गांत कोण दिसतं, कोण दिसत नाही यावरून शहरभर वाद पेटला. 2021 मध्ये ती परीक्षा थांबवावी लागली. सिंगापूरने 1984 पासून तिसरीच्या मुलांची दोन फेऱ्यांत परीक्षा घेऊन वरचा सुमारे एक टक्का मोजक्या शाळांत एकत्र आणला होता. 2024 मध्ये त्यांच्या सरकारनेही जाहीर केलं की ही पद्धत या रूपात चालू ठेवायची नाही. प्रत्येक प्राथमिक शाळेने आपल्याकडची मुलं ओळखायची आणि आपल्याच इमारतीत त्यांना वाढवायचं. चाळीस वर्षांनी इतकी शिस्तबद्ध व्यवस्था हा निर्णय घेते, तेव्हा आपण एका कटऑफसाठी नऊ वर्षांच्या मुलाच्या संध्याकाळी का जाळायच्या?

शिवाय आत गेल्याने नेमकं काय मिळतं तेही बघा. फ्लोरिडातल्या ब्रॉवर्ड काउंटीत एक विचित्र नियम होता. शाळेत एक जरी मूल बुद्ध्यांकाने पात्र ठरलं तरी चौथी-पाचवीसाठी वेगळा वर्ग काढायचा आणि उरलेल्या जागा वार्षिक परीक्षेत वरचे गुण मिळवणाऱ्या मुलांनी भरायच्या. डेव्हिड कार्ड आणि लॉरा जुलियानो या अर्थतज्ज्ञांनी दोन्ही प्रकारच्या मुलांचं पुढे काय झालं ते तपासलं. 130 पार करून आलेल्यांच्या वाचन-गणिताच्या गुणांत त्या वर्गामुळे फारसा फरक दिसला नाही. फायदा झाला तो कटऑफविना, केवळ अभ्यासाच्या जोरावर रिकाम्या बाकांवर बसलेल्यांना, त्यातही कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मुलांना अधिक. हे वाचून मी माझ्या सह्यांची ती पत्रं आठवली आणि जरा गप्प बसले.

म्हणून शाळेकडे जाताना ‘‘त्याला आत घ्या’’ हे वाक्य घेऊन जाऊ नका. विचारा, की आत नेमकं शिकवतात काय? गणित पुढचं असेल, तर निवड गणितावरून का होत नाही? भाषेचा उपक्रम असेल, तर आकृत्यांचे गुण कशाला मोजता? निवडीची पद्धत आणि आतला अभ्यास यांचा मेळ नसणं हा या सगळ्या प्रकारातला मोठा दोष, आणि पालक तो क्वचितच विचारतात, कारण सगळ्यांचं लक्ष दारावर असतं. 1971 मध्ये ज्युलियन स्टॅन्ली यांनी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गणितातली मुलं शोधायला सुरुवात केली तेव्हा त्यांनी बारा-तेरा वर्षांच्या मुलांना सरळ कॉलेज प्रवेशाचा गणिताचा पेपर दिला. इयत्तेच्या पेपरात ज्यांना सगळ्यांनाच पैकीच्या पैकी पडतात, त्यांच्यातलं कोण किती पुढे आहे हे त्या पेपरात दिसेनासं होतं; डोकं छताला लागलं की उंची मोजता येत नाही. तुमच्या मुलाला चौथीचं गणित सोपं जात असेल तर शाळेला म्हणा, पाचवीची, सहावीची वार्षिक प्रश्नपत्रिका त्याला सोडवायला द्या. त्यात काय येतं आणि कुठे अडतो हे बघून गणिताच्या तासापुरतं त्याला वरच्या वर्गात बसवता येईल का ते ठरवा. त्याला कुठल्याही उपक्रमाचं लेबल लागत नाही आणि बरेच मुख्याध्यापक त्याला चटकन तयार होतात.

आणखी एक विचारून घ्या: चाचणी, नाव सुचवताना शिक्षक भरतात तो तक्ता, वार्षिक गुण, हे सगळं एकत्र कसं करता? प्रत्येक पायरीवर पास व्हायलाच हवं, असं असेल तर दर पायरीला काही लायक मुलं गळतात आणि शेवटी फारच थोडी उरतात. एखाद्या ठिकाणी कमी, दुसरीकडे जास्त असं सांभाळून घेत असतील तर तुमच्या मुलाची फाइल पुन्हा उघडायला जागा आहे. अपिलाची मुदत असते, तीही विचारा.

आता धाकटी.

तुमच्या पत्रातली ती ओळ इथे उतरवते: ‘‘परवा मी ओरडले तर म्हणे, आई, एक घडी घातली की एक रेघ, मग तीन, मग सात, मग पंधरा. पुढची घडी होत नाही, कागद जाड झालाय, पण एकतीस येणार. मी म्हटलं गप अभ्यास कर.’’

ताई, कागदाची एक लांब पट्टी घ्या आणि करून बघा. मधोमध दुमडा, पुन्हा मधोमध दुमडा, उलगडून रेघा मोजा. ती म्हणते तेच आकडे येतात. दर वेळी आधीच्याच्या दुप्पट आणि वर एक. सात वर्षांच्या मुलीने ते कुणी न सांगता पाहिलं, आणि घडी घालता येईना तेव्हा हात थांबला पण डोकं पुढे गेलं. तुम्ही अभ्यास कर म्हणालात तेव्हा ती अभ्यासच करत होती.

हिचं नाव का गेलं नसेल? शाळांच्या निवडीत दोन चाळण्या असतात. दुसरी चाचणीची, तिच्यावर आपण सगळे भांडतो. पहिली नाव सुचवण्याची, तिचा आवाजही होत नाही. जिचं नाव गेलं नाही तिची चाचणी होत नाही, चाचणी नाही म्हणजे आकडा नाही, आणि आकडा नाही म्हणजे ‘हुकलं’ असंही कुणी म्हणत नाही. नाव सुचवायचा तक्ता मी पाहिलाय, भरलाय. ‘गृहपाठ वेळेवर करतो’, ‘हात वर करून उत्तरं देतो’, ‘वही नीटनेटकी’, ‘वर्गात पुढाकार घेतो’. यातल्या किती गोष्टी बुद्धीच्या आणि किती बाईंचा दिवस सोपा करण्याच्या, तुम्हीच बघा. बाईंना दोष देत नाही. चाळीस मुलांच्या वर्गात घड्या घालणारं मूल म्हणजे आधी व्यत्ययच वाटतो. मला वाटलाच असता.

त्यात ती वर्गात सगळ्यात लहान. सात वर्षांच्या मुलांत दहा-अकरा महिन्यांचा फरक म्हणजे आयुष्याचा सातवा-आठवा भाग. शिक्षक नकळत तिची तुलना जवळपास वर्षाने मोठ्या मुलांशी करतात, आणि मोठी मुलं हुशार दिसतात. चाचणीत तुलना वयाच्या महिन्यांनुसार होते, म्हणून लहान मुलांना तिथे तरी न्याय मिळतो. पण चाचणीपर्यंत पोचलं तर.

ब्रॉवर्ड काउंटीचीच आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. तिथेही आधी पालक-शिक्षकांनी नाव दिलं तरच पुढची चाचणी होई. 2005 मध्ये त्यांनी ठरवलं की दुसरीतल्या प्रत्येक मुलाला आधी शब्दांशिवायची, आकृत्यांची छोटी चाचणी द्यायची. पात्रतेचा निकष बदलला नाही, कटऑफ एका गुणानेही खाली आणला नाही. तरी गरीब घरांतली, कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मुलं आधीपेक्षा कितीतरी जास्त संख्येने पात्र ठरली. ती मुलं आधीही त्याच बाकांवर बसत होती. पुढे पैशांची ओढाताण झाली, सगळ्यांची चाचणी थांबली, आणि आकडे पुन्हा जवळजवळ जुन्या जागी गेले.

तुमच्या शाळेत पालकांना थेट नाव देता येतं का ते आधी पाहा. बऱ्याच ठिकाणी येतं, पण माहीत कुणाला नसतं. अर्जात ‘माझी मुलगी खूप हुशार आहे’ असं लिहू नका. समितीपुढे अशी वाक्यं ढिगाने येतात आणि कुणी वाचत नाही. काय पाहिलं ते लिहा: तारीख, पट्टी, किती घड्या, तिने कुठला आकडा आधीच सांगितला, तिच्याच शब्दांत. अशा आणखी दोन-तीन गोष्टी तुम्हाला आठवतील. आत्तापर्यंत त्या तुम्ही ‘नसते उद्योग’ या कप्प्यात टाकलेल्या असतील. आणि ती निवडली गेली नाही तरी पट्ट्या काढून घेऊ नका. पुढच्या वेळी तीन भागांत दुमडली तर काय होईल, एवढं विचारा आणि उठून जा.

मुलाच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. ‘‘ती चाचणी फालतू होती’’ म्हणू नका. मित्र तीच देऊन आत गेलाय, मग तुमचा मुलगा मित्रालाही फालतू ठरवेल. ‘‘पुढच्या वेळी जास्त मेहनत कर’’ हेही नको, कारण त्याने मेहनत कमी केली म्हणून हे झालेलं नाही. मी माझ्या ओळखीतल्या एका मुलाला असं सांगितलं होतं: ‘‘त्या वर्गात बाकं कमी होती, म्हणून त्यांनी एका सकाळच्या कोड्यांवरून रेघ मारली. तू रेघेच्या अगदी जवळ होतास. पण तुला गणितात पुढे काय शिकायचंय ते त्या कोड्यांत कुणी विचारलंच नव्हतं, ते आपण बाईंना सांगू.’’ तो म्हणाला, ‘‘बरं’’, आणि सायकल घेऊन गेला. तुमचाही असंच काहीतरी करेल. नंतर काही दिवस त्याच्यासमोर 127 हा आकडा उच्चारू नका, पाहुण्यांसमोर तर नाहीच. मित्र घरी येत राहील एवढं मात्र बघा.

आणि धाकटीच्या शाळेच्या डायरीत बाईंनी घड्यांबद्दल जो शेरा लिहिलाय, ते पान फाडू नका. अर्जाला त्याची झेरॉक्स जोडायची आहे.